लोकरीने मोजलेले अंतर

दोन शहरांमधील अंतर हा विषय वरवर पाहता भूगोलाचा आहे. आमच्या घरात मात्र तो आधी गणिताचा झाला, मग भूमितीचा, मग शालेय प्रशासनाचा आणि सरतेशेवटी विणकामाचा. यांपैकी एकाही शास्त्राचा मी अधिकारी नाही, हे प्रथमच नमूद करून ठेवतो. मी जन्मभर शाळेत संस्कृत शिकवले. ज्या वाङ्मयात विमाने मनाच्या वेगाने जातात आणि त्यांत बसलेला कोणीही ‘किती वाजता पोहोचू?’ असे विचारत नाही, त्या वाङ्मयाच्या सहवासात आयुष्य घालवलेल्या माणसाला उतारवयात विमानाचे वेळापत्रक वाचावे लागावे, यात कोणाचा तरी विनोद असला पाहिजे. माझा नव्हता.

आमची एकुलती एक कन्या अनेक समुद्रांपलीकडच्या एका शहरात राहते. तिला दिवस गेलेले होते आणि महिनाअखेरीस बाळंतपण अपेक्षित होते. तिच्या आईने तिच्याजवळ असावे ही तिची इच्छा. तिच्या आईची इच्छा तर इतकी प्रबळ होती, की दोन बॅगा महिनाभर आधीपासून भरून दाराशी उभ्या होत्या आणि आम्ही त्यांना वळसा घालून स्वयंपाकघरात जात होतो. अडत होते ते माझ्या होकारापाशी.

“अहो, मग काय सांगू तिला?” आमच्या सौभाग्यवती हातातल्या विणकामावरून नजर न काढता विचारीत. पिवळ्या लोकरीची बाळाची टोपी आकाराला येत होती.

“सांग, विचार चालू आहे.”

“चालू ठेवायला तो काय पंखा आहे?”

वस्तुतः माझी भूमिका अत्यंत शास्त्रशुद्ध होती. कोणत्याही प्रवासास निघण्यापूर्वी मार्ग किती आणि काळ किती, हे दोन प्रश्न निर्विवादपणे सुटले पाहिजेत. ते सुटेपर्यंत आपण उंबरठा ओलांडणार नाही, असे मी बागेतल्या बाकावर चार निवृत्त सद्गृहस्थांसमोर, उभे राहून, जाहीर केले होते. उभे राहून बोललेले शब्द बसून मागे घेता येत नाहीत.

यांपैकी काळाचा प्रश्न प्रथम सुटला, आणि सुटला म्हणूनच पुढचा अनर्थ झाला. कन्येने तिला योग्य वाटलेल्या विमानाचा तपशील फोनवर पाठवला. सकाळी नऊला आमच्या शहरातून निघायचे आणि त्याच दिवशी दुपारी अडीचला तिच्या शहरात उतरायचे. मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. साडेपाच तास! आमच्या शाळेची वार्षिक सभा याहून अधिक चालत असे. मी त्याच संध्याकाळी बाकावर गेलो आणि ज्यांची मुले जवळच्या तालुक्यात राहत असूनही वर्षातून एकदा भेटतात अशा गृहस्थांना, आवाजात शक्य तितका विनय आणून, सांगितले, “आमची कन्या तशी लांब नाही. साडेपाच तास.”

त्या वाक्याने मला जो सन्मान दिला, तो केवळ एक रात्र टिकला.

“बाबा, साडेपाच नाही, तेरा तास लागतात,” दुसऱ्या दिवशी व्हिडिओ कॉलवर कन्या म्हणाली.

“नऊ ते अडीच म्हणजे तेरा?”

“आमच्याकडे घड्याळ मागे असतं ना बाबा.”

“मग घड्याळजीला दाखवा. त्याचा भुर्दंड प्रवाशांनी का सोसावा?”

पडद्याआड जावईबापू खोकले. ते हसू दाबण्यासाठी खोकतात, हे मला विवाहाच्या बोलणीपासून ठाऊक आहे. मग त्यांनी पडद्यात येऊन अत्यंत आदराने एक संत्रे हातात धरले, त्यावर दिव्याचा प्रकाश पाडला आणि ते फिरवू लागले. मी मान डोलावली. संत्रे मला पूर्ण समजले. तास कोठे गेले, ते समजले नाही.

आणि हे कमी होते म्हणून त्यांनी परतीच्या विमानाचेही सांगितले. संध्याकाळी सहाला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी अडीचला घरी! म्हणजे जाताना साडेपाच आणि येताना साडेवीस! तोच रस्ता, तेच विमान, तीच सासू आणि तोच सासरा.

हा पेच मी जिन्यात उभे राहून आमच्या इमारतीतल्या दोन विद्वानांपुढे ठेवला. पहिले, दुसऱ्या मजल्यावरचे मोजणीसाहेब. हे जमीन मोजणीच्या कार्यालयातून निवृत्त झाले. आयुष्यभर बांधांवर साखळ्या ओढल्यामुळे जगातला प्रत्येक वाद त्यांना हद्दीचा वाद वाटतो. दुसरे, तळमजल्यावरचे विमाभाऊ. ते विम्याचा व्यवसाय करतात आणि कोणत्याही संकटाच्या जागी त्या संकटाआधी पोहोचतात.

मोजणीसाहेबांनी हनुवटी चोळली. “सर, सरळ आहे. जाताना उतार असणार.”

“आकाशात?”

“जमिनीला उतार असतो, तर आकाश काय फरशी घालून सारखं केलंय का कुणी?”

“उतारच,” विमाभाऊ म्हणाले. “आणि उतारावर ब्रेकचा प्रश्न येतो. वहिनींच्या नावाची पॉलिसी आहे का सर?”

असे सल्लागार लाभल्यावर माणसाने स्वतःच्या बुद्धीवर विसंबावे, हे उत्तम. विमानाचा वेग ताशी नऊशे किलोमीटर असतो, ही माहिती विमाभाऊंनी दिली आणि त्यांची तेवढी एकच माहिती खरी निघाली. मग अंतर मोजायचे, त्याला नऊशेने भागायचे, की काळ हाती येतो. त्यात संत्रे नको, घड्याळजी नको. अंतर तेवढे निर्विवाद हवे.

मोजणीसाहेबांच्या बैठकीत भिंतभर जगाचा नकाशा आहे. त्यांनी लांब पट्टी आणली, पेन्सिलला टोक केले, एक डोळा मिटला आणि आमच्या शहरापासून कन्येच्या शहरापर्यंत अशी रेघ ओढली, की तिच्याकडे पाहून मला एखादे निर्दोष वाक्य ऐकल्यासारखे वाटले. प्रमाण लावून हिशेब केला. चौदा हजार किलोमीटर.

“लिहून घ्या सर. कोर्टातही टिकेल.”

मी मोजणीसाहेबांना पट्टीसकट आमच्या घरी नेले आणि ते अंतर फोनवरून कन्येला कळवले.

“अकरा हजार आहे बाबा. विमान कंपनीनेच लिहिलंय.”

“मोजणीसाहेबांनी सरळ रेघ ओढली आहे.”

“हो, पण विमान त्याहून जवळच्या रस्त्याने जातं. वरून, बर्फावरून वळून.”

मी फोन कानापासून दूर धरला आणि त्याच्याकडे पाहिले. सरळ रेघेहून जवळचा, आणि तोही वळणाचा रस्ता! दोन बिंदूंमधले लघुतम अंतर म्हणजे सरळ रेषा, हे ज्या मुलीला मी स्वतः जेवणाच्या पानावर पापडाच्या तुकड्यांनी... नव्हे, दोन वाटाण्यांनी शिकवले होते, तिने हे बोलावे! मोजणीसाहेब तर इतके दुखावले, की त्यांनी पट्टी परत खोक्यात ठेवून दिली.

“बाबा, पृथ्वी गोल आहे!”

“हे तू मला सांगणार?”

“आई कुठेय? आईला फोन द्या.”

सौभाग्यवतींनी फोन घेतला, स्वयंपाकघरात नेला आणि दार लोटले. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा शांत होता. अनुभवी पतीने अशा शांततेचीच धास्ती घ्यावी.

“डॉक्टरीणबाई म्हणतात, महिनाअखेर धरून चालू नका. आठवडाभर आधीही होऊ शकेल,” त्या म्हणाल्या. “रविवारचं विमान चुकलं तर मी बाळ झाल्यावर पोहोचेन. शनिवारपर्यंत काय ते ठरवा.”

“पृथ्वी गोल आहे ही अडचण उपस्थित झाली आहे,” मी म्हणालो. “तिचे निराकरण करून लगेच सांगतो.”

गोल पृथ्वीवर अंतर मोजायचे, तर गोल पृथ्वी हवी. ती कोठे आहे, ते मला ठाऊक होते. आमच्या शाळेच्या भूगोलाच्या खोलीत पत्र्याचा एक विशाल पृथ्वीगोल लाकडी बैठकीवर विराजमान आहे. दोन्ही हातांच्या कवेत मावेल न मावेल, एवढा. माझ्या उभ्या कारकिर्दीत भूगोलाच्या मास्तरांनी मला त्याला बोट लावू दिले नव्हते. मी दारातून त्याचे दर्शन घेत असे. आज मी त्याला घरी नेण्यास निघालो होतो, आणि मन भरून आले होते.

हेडक्लार्कांनी माझे स्वागत केले, खुर्ची दिली, प्रकृती विचारली आणि म्हणाले, “पृथ्वी शाळेबाहेर नेता येत नाही सर.”

“दोन दिवसांसाठी.”

“दोन दिवस पृथ्वी नसली आणि इन्स्पेक्टर आले तर?”

या प्रश्नाला माझ्या ज्ञात साहित्यात उत्तर नाही. मी अर्ज लिहावयास बसलो. ‘पृथ्वी घरी नेण्यास अनुमती मिळावी’ असा विषय घातला. प्रयोजनाच्या ठिकाणी मी ‘कन्येपर्यंतचे अंतर मोजणे’ असे लिहिले. हेडक्लार्कांनी ते वाचून चष्मा काढला.

“असं कारण चालत नाही. ‘शैक्षणिक प्रयोजन’ लिहा. आणि जामीनदार?”

“पृथ्वीला जामीनदार?”

“वस्तू ज्या आकारात दिली त्याच आकारात परत घ्यायची, असा नियम आहे. पृथ्वी गोल देतोय. गोल परत पाहिजे. उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?”

सोबत आलेल्या मोजणीसाहेबांनी पुढे होऊन सही केली. पृथ्वीच्या आकाराची हमी देताना मी पाहिलेला तो एकमेव मनुष्य. त्यांच्या मुद्रेवर त्या क्षणी जे गांभीर्य होते, ते त्यांच्या निवृत्ती समारंभातही नव्हते.

टॅक्सीत पृथ्वी मावेना. दाराशी तिरकी केली, उलटी केली, उत्तर ध्रुव आधी घातला, दक्षिण ध्रुव आधी घातला. टॅक्सीवाला म्हणाला, “काका, हवा काढता येत नाही का थोडी?” शेवटी मी बैठकीचे एक टोक धरले, मोजणीसाहेबांनी दुसरे, आणि आम्ही भर बाजारातून चालू लागलो. प्रत्येक हादऱ्याला पृथ्वी गरगर फिरे. रस्त्यातल्या निम्म्या लोकांना ती विकाऊ वाटली. एका बाईंनी भावही विचारला. भाजीवाल्याने तराजू खाली ठेवून विचारले, “मास्तर, कुठं निघाली?” मी म्हणालो, “तिसऱ्या मजल्यावर.” त्या उत्तराचे त्याला एवढे हसू का यावे, हे मला अजून उमगलेले नाही.

इमारतीशी पोहोचेपर्यंत आमच्या मागे सुमारे एक वरात झाली होती. जिना अरुंद. मी पुढे, पाठमोरा. मोजणीसाहेब मागे, आणि विमाभाऊ कठड्याशी उभे राहून मार्गदर्शन करीत होते. “डावीकडे घ्या! नाही, तुमची डावी! सर, पाय! तुमच्या गुडघ्यांचा काही विमा...” आम्ही तिसऱ्या मजल्याच्या शेवटच्या पायरीवर होतो. वरून सौभाग्यवतींनी दार उघडले आणि विचारले, “अहो, हे काय?” मी वळून उत्तर देऊ लागलो. मोजणीसाहेबांनी बैठक धरून ठेवली होती. ती त्यांच्या हातातच राहिली. पृथ्वी तेवढी सुटली.

पत्र्याचा पोकळ गोल तीन मजले जिन्यावरून उड्या मारीत जातो, तेव्हा होणाऱ्या ध्वनीचे वर्णन करण्यास माझी भाषा अपुरी आहे. देवांनाही तो पुरेसा मोठा वाटला असता. दारे धडाधड उघडली. “पृथ्वी धरा! पृथ्वी धरा!” असा मोजणीसाहेबांनी टाहो फोडला. जामीनदार तेच होते. विमाभाऊंनी तिला धरण्यासाठी हात पसरले, मग आपला हात पाहिला, पृथ्वी पाहिली आणि बाजूला झाले. तळमजल्यावर त्यांचीच स्कूटर उभी होती. एक शेवटचा टणत्कार झाला आणि पुराणांतरीच्या प्रलयानंतर व्हावी तशी शांतता पसरली.

स्कूटरला ओरखडा नव्हता. पृथ्वीला ताटलीएवढा खड्डा पडला होता. आणि तो खड्डा, वाचकहो, आमचे शहर आणि कन्येचे शहर यांच्या बरोबर मध्ये पडला होता.

“पृथ्वीचा विमा उतरवला होता का?” विमाभाऊंनी अत्यंत हळुवार स्वरात विचारले.

आता घरातल्या जमिनीवर पृथ्वी, तिच्याभोवती आम्ही तिघे. पट्टी वाकत नव्हती; दोरा हवा होता. सौभाग्यवतींच्या मांडीवरची पिवळी लोकर मला दिसली.

“तिला हात लावू नका,” त्या म्हणाल्या. “टोपीच्या नाडीपुरतीच उरलीय. आणि दुकानात तो रंग संपलाय.”

“मोजून लगेच परत देतो,” मी म्हणालो आणि कात्री चालवली. धाग्याच्या एका टोकाला आमच्या शहराची गाठ मारली आणि ती शहरावर धरली. मोजणीसाहेबांनी दुसरे टोक बर्फाळ प्रदेशावरून कन्येच्या शहराला नेले. ते खरोखरच जवळ पडत होते! नकाशावर वाकडी दिसणारी वाट गोलावर सरळ होती. कन्येचे म्हणणे खरे होते, ही गोष्ट मी कोणाला दिसू न देता गिळली.

तथापि मोजणीसाहेब वाटेतला खड्डा सोडायला तयार नव्हते. ते बोटाने लोकर खड्ड्यात दाबत होते. “जमीन जशी असेल तशीच मोजायची. खड्ड्यासकट. साडेअकरा हजार.”

“विमान खड्ड्यात कशाला उतरेल?” विमाभाऊ म्हणाले. त्यांनी लोकर खड्ड्यावरून तारेसारखी ताणली. “हे बघा. नऊ हजार.”

“तुम्ही ओढताय!”

“तुम्ही ढकलताय!”

“लोकर आहे ती! तुम्ही ओढाल तेवढी लांब होईल!”

हे सत्य त्या क्षणापर्यंत आम्हा तिघांनाही सुचले नव्हते. मी स्वतः मोजले. श्वास सोडून धागा सैल धरला तर बारा तास होत. जरा ताणून धरला तर दहा. मोजणीसाहेबांनी दाबला तर तेरा. एका मोजणीत कन्या इतकी जवळ आली, की चहा टाकून पोहोचता आले असते. विमाभाऊ म्हणाले, “सरासरी काढू.” मोजणीसाहेब म्हणाले, “शेजाऱ्यांच्या सह्या घेऊन पंचनामा करू.” पाहता पाहता वाद तत्त्वापर्यंत गेला आणि तत्त्वावरून गॅलरीपर्यंत. मोजणीसाहेबांनी विमाभाऊंना सांगितले, की तुमच्या गॅलरीचा कोपरा आमच्या पाइपवर आला आहे.

“अहो,” सौभाग्यवती म्हणाल्या.

त्या पृथ्वीजवळ येऊन बसल्या होत्या. त्यांनी पदर आवरला आणि एक वीत खड्ड्यावर पसरली. अंगठा आमच्या शहरावर, करंगळी कन्येच्या शहराच्या दिशेने. खड्ड्यामुळे पत्रा आत दबला होता. तरी वीत पुरली नाही. त्यांनी बोटे आणखी ताणली. मग आणखी.

“तुम्हाला अंतर मोजायचं नाहीये,” त्या मला म्हणाल्या. “तुम्हाला भीती वाटतेय.”

यावर प्रतिवाद करण्यासारखे माझ्याजवळ बरेच होते. शब्दही निवडले होते. ते सगळे एका वेळी आल्यामुळे दाराशी अडकले.

“मलाही वाटतेय,” त्या म्हणाल्या. “तुम्ही पृथ्वी आणायला गेलात ना, तेव्हाच मी तिकिटं काढली. रविवारची. दोन. तुम्ही आलात तर खिडकी तुमची. नाही आलात तर तिथे माझी पर्स बसेल.”

विमाभाऊंनी घसा खाकरला. “सर, पर्स बसवू नका.” एवढे बोलून ते आणि मोजणीसाहेब एकमेकांचे हात धरून, गॅलरी आणि पाइप विसरून, जिना उतरून गेले.

लोकर अजून माझ्या हातात होती. मी दुसऱ्या टोकाला कन्येच्या शहराची गाठ मारली आणि धागा खिशात घातला.

“खिडकी नको,” मी म्हणालो. “मला मधली जागा. तू दोन्ही बाजूंनी असलीस तर बरे.”

“दोन्ही बाजूंनी कशी असणार हो?”

“तो तुझा प्रश्न आहे.”

शनिवारी सकाळी हेडक्लार्क स्वतः दारात उभे राहिले. बातमी शाळेपर्यंत गेली होती. त्यांनी खड्डा पाहिला, त्यात हात घातला, काढला आणि म्हणाले, “गोल दिली होती.”

“गोल आहे.”

“बऱ्यापैकी गोल आहे, सर. पूर्ण गोल पाहिजे. आणि तुम्ही परदेशी निघालात म्हणे. पृथ्वी अशी टाकून तुम्हाला पृथ्वी सोडून जाता येणार नाही.”

मी त्यांना विमानसुद्धा पृथ्वीवरच उतरते हे सांगू लागलो. मोजणीसाहेब वर आले. जामिनावरील सहीच्या काळजीने त्यांची झोप उडाली होती. पत्र्याच्या कारागिराला बोलवावे, हातोडी आतून मारावी, पृथ्वी कापून पुन्हा जोडावी, अशा सूचना आल्या. इतक्यात सौभाग्यवती न्हाणीघरातून आल्या. त्यांच्या हातात तुंबलेली मोरी मोकळी करण्याचा रबरी दट्ट्या होता.

“वहिनी, तो स्वच्छ आहे ना?” हेडक्लार्क दचकून म्हणाले. “समुद्र आहे तो.”

सौभाग्यवतींनी दट्ट्या पाण्यात बुडवला, महासागराच्या मध्यावर टेकवला आणि जोर लावला. दट्ट्या चिकटला. मी, मोजणीसाहेब आणि हेडक्लार्क पृथ्वीला मिठी मारून बसलो. सौभाग्यवतींनी एक पाय भिंतीला लावला आणि ओढले.

‘टप्प्’ असा आवाज झाला. आम्ही चौघे चार दिशांना गेलो. पृथ्वी मध्येच डोलत राहिली, आणि ती पूर्ण, निर्दोष, भरगच्च गोल होती.

हेडक्लार्कांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, कपाळ पुसले आणि ‘वस्तू सुस्थितीत परत’ असे लिहून घेतले. मोजणीसाहेबांनी डोळे टिपले. सौभाग्यवतींनी मात्र दट्ट्या खाली ठेवला आणि पुन्हा एकदा वीत लावून पाहिली. करंगळी आता पूर्वीहूनही लांब राहिली होती.

“होता तर होता,” त्या म्हणाल्या. “खड्डा तसा बरा होता.”

विमानाविषयी मला जे ठाऊक आहे, ते थोडक्यात सांगतो. कारण ते थोडेच आहे. मनगटी घड्याळ मी आमच्या शहराच्या वेळेवर ठेवले होते. विमान ज्या क्षणी धावपट्टी सोडील, तो क्षण टिपायचा आणि ज्या क्षणी टेकेल, तोही टिपायचा. कित्येक दिवसांच्या वादाचा निकाल माझ्या मनगटावर लागणार होता. मी घड्याळावर डोळे रोखून बसलो. विमान धावू लागले. मी डोळे मिटले, आदराने. सौभाग्यवतींचा हात कोठेतरी होता, तो सापडला. पुढचे मला आठवत नाही. इतक्या रात्री जागून काढल्यावर निद्रेने एकदाचे आपले येणे वसूल केले.

“अहो, उठा. आलो.”

खिडकीबाहेर दुपार होती. निघालो तेव्हा सकाळ होती. सूर्य फारसा पुढे सरकला नव्हता. मी घाईने मनगट पाहिले आणि लक्षात आले, की निघण्याची वेळ मी टिपलीच नव्हती.

“किती तास लागले?” मी विचारले.

“मला काय माहीत? तुम्ही माझा हात असा धरला होता, की मला घड्याळापर्यंत नेताच येईना. मध्येच तुम्ही म्हणालात, ‘सोड,’ आणि मी म्हटलं, ‘मी नाही धरलेला,’ तर तुम्ही घोरलात.”

विमानतळावर जावईबापूंनी वाकून नमस्कार केला आणि विचारले, “बाबा, प्रवास कसा झाला? वेळ किती लागला?”

“अगदी थोडा,” मी म्हणालो. ते खोकले.

कन्या मात्र खोकली नाही. ती सावकाश, पोट सांभाळीत आली, तिने आपल्या आईच्या खांद्यावर डोके ठेवले आणि ठेवूनच राहिली. मी दोन बॅगा धरून, जगातल्या सर्वांत मोठ्या विजयी सेनापतीप्रमाणे, शेजारी उभा राहिलो.

दोन दिवसांनी नातीचा जन्म झाला. डॉक्टरीणबाईंचा अंदाज खरा ठरला, आणि आई वेळेवर जवळ होती. तिसऱ्या दिवशी दवाखान्यात सौभाग्यवतींनी पिवळी टोपी काढली, नातीच्या डोक्यावर ठेवली आणि माझ्याकडे हात पसरला.

“काय?”

“नाडी.”

खिशातला धागा काढताना मला थोडे अवघड वाटले. त्यात आमचे शहर होते, कन्येचे शहर होते, मधला सारा समुद्र आणि बर्फ होता. त्यांनी सुईने तो टोपीच्या काठातून ओवला. समुद्र आणि बर्फ लोकरीच्या वळ्यांत दिसेनासे झाले; दोन टोके तेवढी बाहेर राहिली. मग त्यांनी आमच्या गाठीचे टोक कन्येच्या गाठीच्या टोकात गुंतवले आणि नातीच्या हनुवटीखाली एक सैलशी सुरगाठ मारली. नातीने जांभई दिली. तिचा आकारही पूर्ण गोल होता.

त्याच वेळी फोन वाजला. मोजणीसाहेब होते, बाकावरून, सर्व मंडळींच्या उपस्थितीत बोलत होते. मागून विमाभाऊंचा आवाज येत होता, “बाळाचं वजन विचारा, पॉलिसी लगेच निघते!”

“सर, एकदाचं सांगून टाका,” मोजणीसाहेब म्हणाले. “इथे सगळे थांबलेत. शेवटी अंतर किती भरलं?”

मी नातीकडे पाहिले.

“एक सुरगाठ.”

मोजणीसाहेब जन्माचे व्यवहारी. त्यांनी कागद पुढे ओढल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला.

“त्याचे किलोमीटर किती होतात, सर?”

“ते कोण ओढतो, त्यावर आहे,” मी म्हणालो.